शपथ न घेणारी माणसे

जुन्या दप्तरांत ज्याचा उल्लेख कोळवण या नावाने येतो त्या शहापूर तालुक्यातून आगगाडी १८६१ च्या आरंभी कसाऱ्यापर्यंत आली आणि १८६५ साली थळ घाट चढून वर देशावर गेली. तेव्हापासून मुंबई बंदरात उतरून नागपूर, रायपूर, बिलासपूर गाठू पाहणाऱ्या परदेशी पांथस्थाची सरळ वाट आसनगाव, आटगाव, खर्डी या स्थानकांवरूनच जात राहिली. शेजारच्या मुरबाडास रेल्वेचे भाग्य लाभले नाही, त्याची भिस्त माळशेजावर आणि नाणेघाटावर. १८९९ आणि १९०० या दोन दुष्काळी वर्षांत मध्यप्रांताकडे जाण्यासाठी जे परदेशी मुंबईत उतरले, त्यांत एका अल्पसंख्य पंथाची काही कुटुंबे होती. ती मेनोनाइटांची.

या पंथाचा इतिहास हा मुख्यतः स्थलांतराचा इतिहास आहे. १५२५ च्या जानेवारीत झुरिच नगरीत काही तरुणांनी, अर्भकाचा बाप्तिस्मा खरा नव्हे, समज आलेल्या मनुष्याने स्वेच्छेने घेतलेला तोच खरा, असे ठरवून परस्परांस नव्याने बाप्तिस्मा दिला; आणि दोन वर्षांच्या आत त्यांच्यापैकी फेलिक्स मान्झ याला त्याच नगरीच्या सरकाराने लिमाट नदीत बुडवून मारले. पुढे १५३६ साली फ्रीसलँडमधील मेनो सिमन्स नावाचा धर्मगुरू आपली गादी सोडून या छळ सोसणाऱ्या मंडळींत आला आणि त्याच्याच नावाने पंथ ओळखला जाऊ लागला. तलवार उचलायची नाही, न्यायासनासमोर शपथ घ्यायची नाही, या दोन नियमांमुळे हे लोक कोणत्याही राजास फार काळ परवडले नाहीत. हॉलंडातून ते व्हिस्टुला नदीच्या दलदलीत गेले. तिथून १७८९ नंतर, महाराणी कॅथरीनच्या निमंत्रणावरून, रशियाच्या दक्षिणेकडील गवताळ मैदानांत. तिथे झार पॉल याने १८०० साली त्यांना लष्करी चाकरीच्या माफीची सनदही दिली. परंतु सनदा दिल्या जातात तशा त्या फिरवल्याही जातात, हे आपल्याकडील इनामदारांना सांगावयास नको. १८७० नंतर सक्तीच्या लष्करभरतीचे वारे वाहू लागले आणि सुमारे १८,००० माणसे चीजवस्त विकून अमेरिकेस व कॅनडास निघून गेली.

ज्याला स्वतःचे राज्य नाही, ज्याची भूमी आज आहे तर उद्या नाही, त्याचे धर्मपीठ अखेर चुलीपाशीच वसणार. मेनोनाइटांच्या कुटुंबनिष्ठेचे कौतुक करणारे पुष्कळ भेटतात; मला मात्र ती निष्ठा सद्गुणापेक्षाही गरजेतून उपजलेली दिसते. प्रार्थना, भाषा, शेतीची रीत, पूर्वजांच्या छळाच्या कथा, हे सारे जपून एका मुलखातून दुसऱ्या मुलखात नेणारी दुसरी कोणती संस्था त्यांच्यापाशी होती?

पीटर पेनर हा अशाच एका घरातला. १८७१ साली दक्षिण रशियात त्याचा जन्म झाला, बालपणीच तो आईबापांबरोबर अमेरिकेतील मिनेसोटा प्रांतात आला, आणि १९०० च्या डिसेंबरात पत्नी एलिझाबेथ हिच्यासह मुंबईस उतरला. बरोबर क्रोकर हे दुसरे जोडपे होते. त्यांनी जांजगीर पसंत केले, पेनर हसदेव नदीकाठच्या चांपा जमीनदारीत गेला. त्याआधी वर्षभर, १८९९ साली, याच पंथाच्या दुसऱ्या शाखेचे रेसलर व डॉक्टर पेज हे धमतरीस पोहोचले होते. हा सारा छत्तीसगड त्याच्या सुमारे पन्नास वर्षे आधीपर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलातला. धमतरीच्या मंडळींनी दुष्काळात अनाथ मुले सांभाळली, इस्पितळ काढले आणि पुढे बालोदगहन नावाचे गावच विकत घेऊन ते मालगुजार झाले. ज्यांच्या पूर्वजांनी सरकाराची सावलीही टाळली त्यांनी सरकारात सारा भरावा आणि कुळांकडून खंड वसूल करावा, यातील विसंगती त्यांच्याही ध्यानी आली असेलच.

ठाणे जिल्हा मेनोनाइटांचे कार्यक्षेत्र नव्हते. मात्र त्यांचे चुलतबंधू म्हणावेत असे ब्रदरन लोक आमच्या अगदी शिवेपर्यंत आले. १७०८ साली जर्मनीतील श्वार्झेनाउ येथे स्थापन झालेला हा पंथही शस्त्रास नकार देणारा आणि समजत्या वयातील बाप्तिस्माच मानणारा. विल्बर स्टोव्हर १८९४ साली आला, त्याने बलसाडास बस्तान बसवले, आणि पुढे डहाणू व शहापूरला लागून असलेला वाडा येथे त्यांची ठाणी झाली. बलसाडास गुजराती आणि डहाणू-वाड्यास मराठी, अशा दोन भाषा या मंडळींना शिकाव्या लागल्या. स्थलांतराचेच म्हणाल तर मेनोनाइटांप्रमाणे शहापूर-मुरबाडच्या कातकऱ्यांनाही बिऱ्हाड पाठीवर घेऊन मुलूख ओलांडणे नवे नाही. पावसाळ्यातली खावटी फेडण्यासाठी ते पोरांबाळांसह कोळशाच्या नाहीतर विटांच्या भट्टीवर जातात. पण त्यांना कोणी सनद देऊन बोलावले नव्हते आणि दुसऱ्या खंडात त्यांच्यासाठी जमीन राखून ठेवलेली नव्हती, तेव्हा ही तुलना फार ताणू नये.

चांपा येथे १९०२ साली ‘मिशन टू लेपर्स’ या संस्थेच्या साह्याने पेनरने महारोग्यांसाठी आश्रम उघडला. १८९८ च्या कायद्याने निराधार महारोग्यास पकडून आश्रमात डांबण्याचा अधिकार सरकारास मिळाला होता. पण गावाने हाकललेला, भावाने घराबाहेर काढलेला मनुष्य पोलिसांची वाट न पाहता आपल्या पायांनी येई. एलिझाबेथ थोड्याच वर्षांत वारली. पेनरने काम सोडले नाही; पुढे मार्था रिशर्ट हिच्याशी त्याने विवाह केला आणि दोघांनी मिळून ते विलक्षण बिऱ्हाड चालवले. तथापि त्या काळच्या वैद्यकशास्त्राचा दंडक असा की रोगी मातापित्यांची निरोगी मुले त्यांच्यापासून अलग ठेवावीत. आणि कुटुंब हाच ज्यांचा अर्धा धर्म, अशा माणसांना परक्या आईच्या कुशीतून लेकरू उचलून दुसऱ्या छपराखाली नेण्याचे काम करावे लागले. १९४० च्या दशकात सल्फोन औषधे आली आणि या ताटातुटीचे कारण हळूहळू उरले नाही. त्यापूर्वीच, १९४१ साली, पेनर अमेरिकेस परतला होता. १९४९ साली तो वारला. त्याच आश्रमातून वाढलेले चांप्याचे इस्पितळ अद्याप चालू आहे.