बी.एड.चा खर्च, कर्ज आणि पगार : नांदेड-लातूरचा ताळेबंद

पदवी हाती आली की ‘आता बी.एड. करून टाक’ हा सल्ला मराठवाड्यातील घरोघरी ठरलेला असतो. शिक्षकाची नोकरी म्हणजे कायमचा पगार आणि गावात मान, हे समीकरण त्यामागे असते. आज मात्र पदवी आणि पगार यांच्यामध्ये दोन परीक्षा, अनिश्चित प्रतीक्षा आणि तीन वर्षांचे मानधन उभे आहे. कर्ज काढून शिकणाऱ्या विद्यार्थ्याने हा मधला काळच आधी मोजला पाहिजे.

अभ्यासक्रम आणि पात्रता

नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांतील अध्यापक महाविद्यालये स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतात. हे विद्यापीठ १९९४ मध्ये स्थापन झाले. बी.एड.चा अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला. प्रवेश राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतो आणि इंग्रजी माध्यमाच्या बी.एड.साठी इंग्रजी भाषेची स्वतंत्र चाचणी द्यावी लागते.

कोणत्या वर्गांना शिकवायचे, हे आधी ठरवणे आवश्यक आहे. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी दिलेल्या निकालानुसार पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी बी.एड. ही पात्रता धरली जात नाही. तेथे बारावीनंतरची दोन वर्षांची डी.एल.एड. पदविकाच लागते. प्राथमिक शाळेत शिकवण्याची इच्छा असेल, तर बी.एड.वर खर्च केलेला पैसा त्या उद्दिष्टापुरता वाया जातो.

दोन भाषांचे मोल

नांदेडची देगलूर, बिलोली, धर्माबाद ही टोके तेलंगणाला भिडलेली, तर लातूरच्या उदगीर-निलंगा भागाला कर्नाटकाची सीमा. घरात तेलुगू, कन्नड, उर्दू वा बंजारा बोली आणि शाळेत मराठी, हा येथील मुलांचा नित्याचा अनुभव आहे. त्यात सेमी-इंग्रजीची भर पडली. या वर्गांत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, तर उर्वरित विषय मराठीतून शिकवले जातात. त्यामुळे दोन्ही भाषांत विषय समजावून सांगू शकणाऱ्या शिक्षकाला अधिक दारे उघडी असतात.

परीक्षेतही भाषेला वजन आहे. शिक्षक पात्रता परीक्षेच्या १५० गुणांपैकी ६० गुण दोन भाषांचे असतात. उत्तीर्ण होण्यासाठी खुल्या प्रवर्गाला ६० टक्के गुण लागतात. मराठी माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्याने इंग्रजीची तयारी पदवीच्या काळातच केली, तर त्याला वेगळे शुल्क पडत नाही.

कर्जाचा हिशेब

बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागितले जात नाही. आई किंवा वडील सहकर्जदार असतात. अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यापुढे एक वर्ष हप्त्याला सवलत असते, पण व्याज त्या काळातही चढत राहते.

उदाहरणादाखल, शुल्क, खोलीभाडे आणि खानावळ मिळून दीड लाख रुपयांचे कर्ज दोन समान भागांत, प्रत्येक वर्षाच्या आरंभी घेतले आणि व्याजदर १० टक्के धरला, तर सवलतीच्या तीन वर्षांत सरळव्याजाने ३७,५०० रुपये वाढतात. एकूण १,८७,५०० रुपये पाच वर्षांत फेडायचे झाल्यास मासिक हप्ता सुमारे ३,९८५ रुपये येतो. हेच व्याज शिकत असतानाच भरत गेल्यास हप्ता सुमारे ३,१८५ रुपयांवर येतो.

कर्जाइतकाच दुसरा खर्च नजरेआड होतो. दोन वर्षे पूर्णवेळ शिकताना जी कमाई बुडते, तीही खर्चातच धरली पाहिजे. महिन्याला १० हजारांचे काम सोडले, तर ही रक्कम २ लाख ४० हजार होते, म्हणजे कर्जापेक्षा मोठी.

उत्पन्नाची बाजू

शासकीय व अनुदानित शाळांत नियुक्ती झाल्यावर पहिली तीन वर्षे ‘शिक्षण सेवक’ म्हणून काढावी लागतात. १ जानेवारी २०२३ पासून हे मानधन प्राथमिकसाठी १६ हजार, माध्यमिकसाठी १८ हजार आणि उच्च माध्यमिकसाठी २० हजार रुपये करण्यात आले. त्यापूर्वी ते अनुक्रमे ६, ८ आणि ९ हजार होते. माध्यमिक शिक्षण सेवकाच्या मानधनातून वरील हप्ता गेल्यास सुमारे २२ टक्के रक्कम त्यातच संपते. सातव्या वेतन आयोगानुसार माध्यमिक प्रशिक्षित शिक्षकाचे मूळ वेतन ३८,६०० रुपयांपासून सुरू होते, भत्ते वेगळे. तेथे पोहोचल्यावर हप्त्याचे ओझे राहत नाही.

खरी जोखीम तेथे पोहोचण्यात आहे. पवित्र पोर्टलवरील भरतीसाठी लागणारी अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली, त्यानंतर २०२३ मध्ये आणि पुढे २०२५ मध्ये. पहिल्या दोन चाचण्यांमध्ये पाच वर्षांहून अधिक अंतर होते. बँकेची सवलत मात्र अभ्यासक्रमानंतर एका वर्षात संपते. भरती नाही म्हणून हप्ता थांबत नाही.

या मधल्या काळात विनाअनुदानित इंग्रजी शाळा किंवा शिकवणी वर्ग हाच बहुतेकांचा आधार असतो. लातूर आणि नांदेड ही दोन्ही शहरे शिकवणी वर्गांसाठी प्रसिद्ध आहेत. पण तेथे विषयावरील प्रभुत्व पाहिले जाते, बी.एड.ची सक्ती नसते. ८ हजार रुपये पगार मिळत असेल, तर वरील हप्ता त्याचा जवळजवळ निम्मा भाग घेतो. अंशतः अनुदानित शाळेत शासनाकडून वेतनाचा ठरावीक टक्काच मिळतो, म्हणून नेमणूक स्वीकारण्यापूर्वी अनुदानाचा टप्पा विचारून घ्यावा.

निर्णयापूर्वी

महाविद्यालयाचे मान्य शुल्क शुल्क नियामक प्राधिकरणाच्या आदेशाशी ताडून पाहावे आणि महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीचा अर्ज कर्जाच्या अर्जाआधी भरावा. कर्ज इतकेच घ्यावे, की भरती लांबली तरी खासगी शाळेच्या पगारातून हप्ता निघेल. हप्ता त्या पगाराच्या चौथ्या हिश्श्यापलीकडे जात असेल, तर आधी एखादे वर्ष नोकरी करून रक्कम साठवणे हिताचे. आणि नोकरी लावून देतो म्हणून कोणी पैसे मागितले, तर शेत गहाण ठेवून ते देणे हा सर्वांत महागडा मार्ग ठरतो. त्या रकमेची पावती मिळत नाही आणि नियुक्तीची हमीही नसते.