गुलाबी लोणी आणि आपलं पनीर

परवा सकाळी दूध संकलन केंद्रावर चहाला थांबलो होतो. विषय निघाला अ‍ॅनालॉग पनीरचा. फॅट-एसएनएफची पावती हातात धरून एक काका म्हणाले, "पत्रकार, हे नकली पनीर बंदच व्हायला पाहिजे. तुम्ही लिहा, आम्ही आहोत मागे."

मी मान डोलावली. घरी येऊन लिहायला बसलो आणि अडलो. कारण ही मागणी जगात पहिल्यांदा होत नाहीये. जवळपास १४० वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या दूधवाल्यांनी अशीच मागणी केली होती आणि बऱ्यापैकी मान्यही करून घेतली होती. त्याचं पुढे काय झालं ते आधी वाचा, मग बंदीचं बघू.

गोष्ट सुरू होते फ्रान्समध्ये. सैन्याला आणि गरिबांना परवडेल असा लोण्याला पर्याय शोधणाऱ्यासाठी सम्राट तिसऱ्या नेपोलियनने बक्षीस लावलं होतं. १८६९ मध्ये इपोलित मेज-मुरिएस नावाच्या रसायनतज्ज्ञाने तो शोधून काढला. गुरांच्या चरबीतलं तेल दुधाबरोबर घुसळून त्याने लोण्यासारखा पदार्थ केला. हेच मार्गारिन. काही वर्षांत ते अमेरिकेत पोचलं. तिथल्या मोठ्या कत्तलखान्यांकडे चरबी भरपूर होती, त्यामुळे माल स्वस्तात तयार होऊ लागला.

दूधवाले हादरले. त्यांना अडाणी म्हणणं सोपं आहे, पण त्यांच्या जागी उभं राहून बघा. पैसा गाईंत, चाऱ्यात, गोठ्यात अडकलेला. गाय म्हणजे यंत्र नव्हे, की भाव पडला म्हणून बटण बंद केलं. दुसरं म्हणजे, त्यांच्या तक्रारीत खोटं काही नव्हतं. कित्येक दुकानदार मार्गारिनच लोणी म्हणून लोण्याच्या भावाने खपवत होते. सरळसरळ फसवणूक होती.

यावर साधा उपाय होता. डब्यावर 'मार्गारिन' लिहा, खोटं नाव देणाऱ्याला दंड करा. पण तेवढ्यावर कोण थांबतं? १८८६ मध्ये केंद्रीय कायदा आला. मार्गारिनवर पौंडामागे, म्हणजे साधारण अर्ध्या किलोमागे, २ सेंट कर लागला. परवान्याची फी बनवणाऱ्याला वर्षाला ६०० डॉलर, घाऊक विक्रेत्याला ४८० आणि किरकोळ दुकानदाराला ४८. गल्लीतल्या दुकानदाराने तो माल ठेवूच नये, अशी ही सोय.

काही राज्यांनी तर कमाल केली. न्यू हॅम्पशायरसारख्या राज्यांनी कायदा केला की मार्गारिन विकायचं तर गुलाबी रंग घालून विका! गुलाबी लोणी पावाला कोण लावणार? १८९८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. मग १९०२ मध्ये करच बदलला. पिवळा रंग दिलेल्या मार्गारिनवर पौंडामागे १० सेंट, पांढऱ्यावर फक्त पाव सेंट. पिवळा रंग लोण्याचा, तो दुसऱ्याने घ्यायचा नाही.

गंमत अशी की हिवाळ्यात हिरवा चारा नसला की लोणीही फिकट पडतं. तेव्हा लोणीवाले स्वतः त्यात शेंद्रीच्या बियांचा रंग घालत. त्यांनी घातला तर चालतो, दुसऱ्याने घातला तर फसवणूक.

लोकांनी वाट काढलीच. कंपन्या पांढऱ्या मार्गारिनबरोबर रंगाची पुडी देऊ लागल्या. बायका घरी परातीत घालून मळायच्या आणि पिवळं करायच्या. विस्कॉन्सिन हे दुधाचं राज्य. तिथले लोक शेजारच्या इलिनॉयमध्ये गाडी नेऊन पिवळं मार्गारिन भरून आणत. तिथलेच रोझलीप नावाचे सिनेटर लोण्याचे कट्टर कैवारी. डोळ्यांवर पट्टी बांधून चव ओळखायच्या परीक्षेत त्यांनी मार्गारिनलाच लोणी म्हटलं. पुढे घरच्यांनी सांगितलं की त्यांच्या तब्येतीच्या काळजीने बायको त्यांना गुपचूप मार्गारिनच वाढत होती!

शेवटी केंद्रीय कर १९५० मध्ये उठले. विस्कॉन्सिनची रंगबंदी १९६७ मध्ये गेली. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात तर ती २००८ पर्यंत होती. आणि हे सगळं कुणाला उपरती झाली म्हणून घडलं नाही. तोवर मार्गारिन चरबीऐवजी सरकी-सोयाबीनच्या तेलापासून बनू लागलं होतं, त्यामुळे त्या बाजूनेही शेतकरीच उभे राहिले. तोवर दूधवाल्यांचीच चलती होती, कारण ज्याचं नुकसान होणार असतं तो संघटना करतो, आमदार गाठतो. ज्याचा चार पैशांचा फायदा होणार असतो त्याला तो मोर्चा काढण्याएवढा मोठा वाटत नाही.

म्हणून नवीन ते सगळं चांगलं, असंही समजू नका. १९९० च्या दशकात कळलं की जुन्या पद्धतीच्या मार्गारिनमधले ट्रान्स फॅट हृदयाला घातक आहेत. इतकी वर्षं भांडण रंगाचं चाललं, खरा प्रश्न आरोग्याचा होता आणि तो कुणी विचारलाच नाही.

आता आपल्याकडे या. १९३७ मध्ये डालडा बाजारात आला तेव्हा इथेही हेच वादळ उठलं. तुपात भेसळ होते म्हणून वनस्पतीला रंग द्या, ही मागणी कितीतरी वर्षं चालली. पण नीटसा रंग काही मिळाला नाही. मग आपल्या नियमाने वेगळीच युक्ती केली: वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचं तेल असलंच पाहिजे. खाणाऱ्याला काही त्रास नाही. पण तुपात वनस्पती मिसळली असेल तर प्रयोगशाळेत आम्ल आणि फरफ्युरल घातलं की तिळाच्या तेलामुळे लालसर-गुलाबी रंग उमटतो. चोर सापडतो.

दोन्हीकडे रंग गुलाबीच. तिथे तो गिऱ्हाईकाला घाबरवायला होता, इथे भेसळवाल्याला पकडायला. माझ्या मते सगळा फरक इथेच आहे. कुणी नव्या वस्तूविरुद्ध नियम मागितला की एवढंच विचारायचं: हा नियम गिऱ्हाईकाला खरं सांगतो, की त्याचा हात धरतो?

अ‍ॅनालॉग पनीर पाकिटावर तसं लिहून विकायला मुभा आहे. घोळ होतो तो हॉटेलात. पनीर मसाल्याचे पूर्ण पैसे घ्यायचे आणि ताटात वनस्पती तेलाचा तुकडा, ही चोरीच. म्हणून माझी मागणी बंदीची नाही. मेनूकार्डावर ठळक लिहा, नमुने घ्या, तपासा आणि खोटं बोलणाऱ्याला जबर दंड करा.

संध्याकाळी काकांना फोन करून हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे लिहिलं की गिऱ्हाईक आमचंच घेईल, याची गॅरंटी काय?"

"गॅरंटी नाही काका," मी म्हणालो. खोटं कशाला बोलू? पण बंदीनेही ती गॅरंटी विस्कॉन्सिनवाल्यांना मिळाली नव्हती.

पुढच्या वेळी हॉटेलात पनीर मागवलंत, तर वेटरला एकदा विचारा: दुधाचं आहे का? काय उत्तर मिळतं ते खाली नक्की लिहा.