रात्रीपुरती जागा

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा कोजागिरी होऊन गेलेली असेल, आणि तुळजापूरला पायी गेलेली माणसे घरी पोचून पोटऱ्यांना तेल चोळीत बसली असतील. सोलापूर ते तुळजापूर ही वाट पंचेचाळीस किलोमीटरांच्या आसपास आहे. कोजागिरीला ती माणसांनी फुलून जाते. आमचे जळकोट मात्र दुसऱ्या अंगाला, सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावर, नळदुर्ग आणि उमरगा यांच्या दरम्यान आहे. (लातूर जिल्ह्यातले तालुक्याचे जळकोट निराळे, नामसाधर्म्यामुळे दोहोंची गल्लत नेहमीच होते.) कर्नाटक-तेलंगणातून निघालेले भवानीचे भक्त या रस्त्याने येतात. त्यांच्याजवळ वाटेचा नकाशा नसतो, पण एक प्रश्न असतो, आणि तो कोणत्याही भाषेत विचारला तरी समजतो : "रात्री टेकायला जागा आहे का?"

या प्रश्नालाही इतिहास आहे. राजांच्या स्वाऱ्या कोठे उतरल्या हे बखरींत सापडते. साध्या चालत्या माणसाने रात्र कोठे काढली, आणि विशेषतः शिकल्यासवरल्या लोकांच्या गावात त्याला जागा कोणी दिली वा कोणी नाकारली, हे आपण सहसा विचारीत नाही. आज तेच विचारावयाचे आहे.

प्रारंभ देवापासून करू. नळदुर्गच्या अलीकडे-पलीकडे हिंडलेल्या माणसाला अणदूरचा खंडोबा ठाऊक असतोच. अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांत खंडोबाची देवळे दोन, परंतु मूर्ती एकच. वर्षातले दहा महिने आणि वर काही दिवस देव अणदूरला असतो. मार्गशीर्षात तो नळदुर्गला मुक्कामाला जातो, पौषी पौर्णिमेची मोठी यात्रा तेथे घेतो आणि जेमतेम पावणेदोन महिन्यांनी परत येतो. गंमत अशी की, ही देवाण-घेवाण नुसत्या श्रद्धेवर सोडलेली नाही. देव कधी न्यावयाचा आणि कधी परत करावयाचा याचा दोन्ही गावच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो. प्रत्यक्ष मल्हारी-मार्तंडालाही शेजारच्या गावी उतरावयाचे तर कागद करावा लागतो! पाहुणा कितीही थोर असो, त्याच्या मुक्कामाची जबाबदारी कोणाची हे आधी ठरलेले असावे, हा व्यवहार आपल्या लोकांनी देवापासूनच शिकला असावा.

तुळजाभवानीचीही तीच तऱ्हा. दसऱ्याच्या सीमोल्लंघनासाठी पालखी येते ती नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून, आणि देवीला निजावयाचा पलंग निघतो तो पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावाहून. तो गावोगाव मुक्काम करीत तुळजापूरला पोचतो. देवीची श्रमनिद्रा होते त्या पलंगावर, आणि कोजागिरीच्या पहाटे ती जागी होते. म्हणजे अंथरूणच शेकडो मैल चालत येते, आणि वाटेवरची गावे त्याला रात्रीपुरती जागा देतात. कोणत्या गावी कोणाकडे उतरावयाचे, हे परंपरेने ठरलेले असते.

देवांची ही सोय झाली. माणसांचे काय?

मराठी भाषेचा आरंभीचा गद्य-संसार उघडला तर नवल वाटावे असा एक ग्रंथ हाती येतो. महानुभावांची 'स्थानपोथी', चौदाव्या शतकातली. लीळाचरित्रात चक्रधरस्वामींच्या लीळा आहेत. स्थानपोथीत त्या लीळा घडल्या त्या जागा आहेत. कोणते गाव, कोणते देऊळ, दार कोणत्या दिशेला, स्वामी कोठे बसले, कोठे निजले. त्यासाठी पंथाने नेमके शब्द ठरविले : बसले ते आसन, रात्र काढली ती वसती, अधिक दिवस राहिले ते अवस्थान. सातशे वर्षांपूर्वी पायी हिंडणाऱ्या एका पुरुषाच्या रात्रीच्या जागा इतक्या जपून टिपाव्यात, असे त्याच्या शिष्यांना वाटले. 'वसती' हा शब्द ध्यानात ठेवावा. पुढे आपल्याला तो पुन्हा भेटणार आहे.

स्वामींच्या त्या मुक्कामांपैकी बरेचसे देवळांतले आहेत, हेही पाहण्यासारखे आहे. ज्या पैठणात त्यांचे दीर्घ वास्तव्य झाले, ते त्या काळचे विद्येचे माहेरघर. शास्त्री-पंडितांची घरे, पाठशाळा, वाद आणि निर्णय यांनी गजबजलेले. अशा गावी जातीची आणि सोवळ्याची दारे अधिक काटेकोर असतात. देऊळ वा मठ हाच परक्याचा आसरा. विद्या फार झाली म्हणून ओसरी रुंद होते, असे नाही.

मात्र विद्यार्थी आणि वाटसरू ही भावंडे आहेत, हे काही ठिकाणी फार चांगले ओळखले गेले. औरंगाबादची (आताच्या छत्रपती संभाजीनगरची) पाणचक्की पाहावयास आपण सहलीला जातो, पाण्याची करामत पाहून थक्क होतो आणि परततो. ती चक्की ज्यांच्या दर्ग्याच्या आवारात आहे त्या सूफी सत्पुरुषाचे नावच बाबा शाह मुसाफिर. दूरच्या डोंगरातले पाणी मातीच्या नळांनी आणून अठराव्या शतकात तेथे जाते फिरविले गेले, ते तेथे उतरणारे फकीर, यात्रेकरू आणि शिकणारी मुले यांचे पीठ दळण्यासाठी. शिकणाऱ्याचे आणि चालणाऱ्याचे पीठ एकाच जात्यातून पडे. या शहराला पुढे विद्यापीठ मिळाले ते १९५८ साली. त्याआधी मराठवाड्याच्या मुलाला वरच्या शिक्षणासाठी बहुधा निजामाच्या राजधानीची, १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाची वाट धरावी लागे. तेथील शिक्षणाची भाषा उर्दू. ती राजधानी आमच्या जळकोटच्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला आहे.

गावाकडून पाहिले तर परक्याला जागा देणे हे पूर्वी सोपे नव्हते. ठगांची दहशत ऐकलेल्या पिढ्या होत्या. ज्या मेडोज टेलरने १८३९ साली ठगाची कबुली सांगणारी कादंबरी लिहून विलायतेत खळबळ उडविली, तोच १८५३ ते १८५७ या काळात नळदुर्गला राहून या जिल्ह्याचा कारभार पाहत होता. जिल्हाही तेव्हा नळदुर्गच्याच नावाने ओळखला जाई. ठगांची रीत काय? वाटेत सोबती व्हावयाचे, एकत्र मुक्काम करावयाचा आणि विश्वास बसला की रुमालाचा फास टाकावयाचा. ज्या मुक्कामात माणसाने निर्धास्त व्हावे, तेथेच घात. म्हणून वाटसरूला चावडीजवळ उतरविण्यात जितकी दया होती, तितकीच सावधगिरीही होती : तो पाटलाच्या नजरेखाली राही आणि त्याच्या सामानाची राखणही होई. १८६० साली आगगाडी सोलापुरास पोचली. लांबच्या प्रवासाला हळूहळू रुळांची सवय लागली, आणि हमरस्त्यावरचे चालणारे कमी होत गेले. पायी राहिले ते दोघे : भक्त आणि गरीब.

भक्तांची सोय लावण्यात महाराष्ट्राने जे केले, त्याला जोड सापडणे कठीण. पुणे घ्या. विद्येचे माहेर म्हणून मिरविणारे शहर. आषाढ जवळ आला की दोन पालख्या तेथे येतात. तुकोबांची पालखी निवडुंग्या विठोबाच्या देवळात, ज्ञानोबांची पालखी विठोबाच्या देवळात, आणि दोन रात्री शहर वारकऱ्यांचे होते. दिंडीचा हा मुक्काम, याला म्हणावयाचे 'उतारा'. अमुक दिंडीचा उतारा अमुक वाड्यात, असे पिढ्यान्‌पिढ्या चालत येते. वाडा पडून चाळ झाली, चाळ पडून इमारत झाली, तरी कित्येक दिंड्या त्याच जागी येतात. शाळांचे वर्ग रिकामे होतात, बाके भिंतीला लागतात, आणि ज्या फळ्यावर काल भूमिती होती त्याच्याखाली पखवाज टेकवून ठेवलेला दिसतो. घरमालकाला वारकऱ्याचे नाव ठाऊक नसते; दिंडीचे ठाऊक असते. उतारा मिळतो तो माणसाला नव्हे, नात्याला.

आणि येथेच दुखरी बाजू उघडी पडते. ज्याला नाते नाही, त्याने काय करावे?

चोखामेळ्याची समाधी पंढरीत नामदेव पायरीपाशी, देवळाच्या बाहेर आहे. देवळात अस्पृश्यांना प्रवेश मिळण्यासाठी १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषण करावे लागले. जेथे देवाच्या दारात उभे राहावयास जागा नाही, तेथे रात्री निजावयास कोण देणार? आणि हे केवळ यात्रेच्या गावी होते, असेही नाही. १९१७ साली कोलंबिया आणि लंडन येथे विद्या संपादून आलेला एक तरुण बडोद्याच्या स्टेशनावर उतरला. बडोदे म्हणजे सयाजीरावांची विद्यानगरी. त्यांच्याच शिष्यवृत्तीवर तो शिकला होता, त्यांच्याच नोकरीत रुजू व्हावयास आला होता. त्याला रात्रीपुरती जागा मिळेना. अखेर एका पारशी सराईत पारशी नाव सांगून तो राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे जिना चढून आली आणि त्याला संध्याकाळच्या आत बाहेर काढण्याची ताकीद देऊन गेली. दोन मित्रांची दारे त्याने मनाशी ठोठावून पाहिली, प्रत्यक्षही विचारले, उत्तर तेच. कमाठीबागेत बसून त्याने वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. तो तरुण म्हणजे डॉ. भीमराव आंबेडकर. एवढ्या मोठ्या विद्यानगरीत एका विद्वानाला एक खोली नव्हती, ही गोष्ट त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवली आहे.

आमच्या जिल्ह्याला त्यांचा मुक्काम घडला तो १९४१ च्या फेब्रुवारीत. कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली होती. बाबासाहेब तेथे उतरले ते गावच्या शाळेत. ती शाळा लोकांनी आदराने जपली आहे. कोणी म्हणेल, शाळेत एक रात्र काढली यात मोठे ते काय? बडोद्याची सराई आणि तडवळ्याची शाळा शेजारी शेजारी ठेवून पाहावे, म्हणजे कळेल.

या दुखण्यावरचा उपाय दोघा माणसांना विशेष सापडला. एक राजा, एक फकीर. कोल्हापुरात राजाराम कॉलेज होते, पण खेड्यातून येणाऱ्या मुलाने उतरावे कोठे? शाहू महाराजांनी ओळखले की, फी माफ करून भागत नाही, निजावयास जागा पाहिजे. १९०१ पासून त्यांनी एकामागून एक वसतिगृहे उघडली : मराठ्यांचे, जैनांचे, मुसलमानांचे, आणि १९०८ साली अस्पृश्य मुलांचेही. 'वसतिगृह'! चक्रधरांच्या शिष्यांनी ज्या शब्दाने स्वामींची एकेक रात्र टिपली, तोच शब्द विद्यार्थ्याच्या छपराला लागला.

दुसरे गाडगेबाबा. हातात खराटा, डोक्यावर गाडगे. आणि नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू येथे धर्मशाळा. मुंबईत रुग्णांच्या नातलगांसाठी धर्मशाळा. स्वतः मात्र त्यांतल्या एकीतही सुखाने राहिले नाहीत. झोपडी बरी म्हणाले. पंढरपुरात अस्पृश्य वारकऱ्यांसाठी त्यांनी चोखामेळ्याच्या नावाची धर्मशाळा उभी केली, आणि १९४९ साली ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी. वाटसरूचे छप्पर विद्यार्थ्याला दिले! ज्याला सराईतून हाकलले होते त्याच्या संस्थेला धर्मशाळा मिळाली. आपल्या सामाजिक इतिहासात याहून सुंदर खरेदीखत वा दानपत्र मला ठाऊक नाही.

आज नळदुर्गला महाविद्यालय आहे, हमरस्त्यावर लॉज आहेत, ढाबे आहेत. पैसे असलेल्याला कोणी जात विचारीत नाही, ओळखपत्र मागतात. ही सुधारणा लहान नव्हे, आणि तिला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. परंतु पायी चालणारा बहुधा लॉजचा माणूस नसतो. त्याला हवी असते ती शाळेची पडवी, देवळाची ओवरी, एक नळ आणि सकाळी लवकर निघण्याची मुभा. एवढे देण्यास गावाला खर्च फारसा नाही. लागते ते एवढेच की, हे काम आपले आहे असे कोणीतरी मानावे : खंडोबाचे मानकरी मानतात तसे, कागदावर सही करून.

वाचकहो, पोरे शिकावयास परगावी गेली की त्यांच्या खोलीची आपल्याला किती काळजी लागते! घरमालक कसा आहे, खानावळ बरी आहे ना, रात्री-अपरात्री दार उघडतात ना. दिवाळीला ती घरी आली की आपण पहिल्यांदा हेच विचारतो. ही काळजी ज्यांची कोणी केली नाही, त्यांचाही इतिहास आपलाच आहे. त्यातले चांगले ते असे की, ज्यांच्यापुढे दार लागले त्यांच्यातूनच, आणि त्यांच्यासाठी झिजणाऱ्यांतून, पुढच्यांसाठी छप्पर उभे राहिले. पुढल्या नवरात्रात जळकोटच्या फाट्यावर कोणी तो जुना प्रश्न विचारील, तेव्हा शाळेच्या किल्ल्या कोणाकडे आहेत, हे गावात निदान चारजणांना तरी ठाऊक असावे.