नाव, पाते आणि मूठ : लिलावातील मराठा शस्त्रांच्या अस्सलतेचा प्रश्न

नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक रघूजी भोसले (प्रथम) यांची मानली जाणारी तलवार दि. २९ एप्रिल २०२५ रोजी लंडन येथील सोथबीज या संस्थेच्या लिलावात आली. महाराष्ट्र शासनाने ती मध्यस्थामार्फत मिळवली. वाहतूक व विमा धरून सुमारे ४७ लाख १५ हजार रुपये खर्च झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तलवार मुंबईत पोहोचली व तिचे जल्लोषात स्वागत झाले. मात्र अशा शस्त्राची अस्सलता कोणत्या कसोटीवर ठरते, याची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली.

पाश्चात्त्य संग्राहकांची कसोटी सैनिकी शॉटगनच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने खंदकातील लढाईसाठी विंचेस्टर १८९७ ही बंदूक वापरली. नळीवरील सच्छिद्र पत्रा, संगीन बसविण्याची सोय आणि सैन्याचा ठसा ही तिची लक्षणे होत. परंतु याच बनावटीच्या शिकारी बंदुकाही मोठ्या संख्येने विकल्या गेल्या होत्या. साध्या बंदुकीवर मागाहून पत्रा चढवून व ठसा उमटवून तिची किंमत वाढविता येते. म्हणून जाणकार क्रमांक, ठशाची खोली आणि लाकूड व धातू यांची झीज सारख्या वयाची आहे किंवा कसे, हे तपासतात. शस्त्र कारखान्यातून एकाच वेळी, एकाच रूपात बाहेर पडले, हे येथे गृहीत असते.

मराठा शस्त्रांना हे गृहीतक लागू पडत नाही. फिरंग या प्रकाराचे सरळ पाते युरोपातले; पश्चिम किनाऱ्यावरील व्यापारातून ते येथे येई. या व्यापारात पोर्तुगीजांचा मोठा वाटा होता आणि ठाणे १७३७ पर्यंत त्यांच्याच ताब्यात होते. मूठ मात्र येथील कारागिराची. पाते मोडले वा मूठ खिळखिळी झाली, तर ती बदलण्यात कोणास गैर वाटत नसे. रघूजींच्या तलवारीचे पातेही युरोपीय, एकधारी आहे. मूठ मुल्हेरी घाटाची, सोन्याच्या कामाची. दोन देशांचे भाग एकत्र असणे हा येथे दोष नव्हे, ते या शस्त्राचे मूळ रूपच होय.

खरी अडचण अक्षरांची आहे. पात्याच्या पाठीवर सोन्याने रघूजींचे नाव व ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब कोरला आहे. किंमत वाढते ती प्रामुख्याने या अक्षरांमुळे. परंतु १७५५ मध्ये निधन पावलेले पहिले रघूजी आणि १८१६ मध्ये निधन पावलेले दुसरे रघूजी, दोघेही सेनासाहेबसुभाच होते! तेव्हा नाव व किताब यांवरून घराणे कळते, व्यक्ती नव्हे. व्यक्ती ठरवावयाची तर मुठीचा घाट, अक्षरांचे वळण आणि सोन्याची झीज यांकडे वळावे लागते. जुने ओरखडे अक्षरांवरून गेले आहेत की अक्षरांपाशी येऊन थांबले आहेत, हेही पाहावे लागते. तलवार बनावट आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही. तिच्या कोणत्या भागावर किती भार टाकावा, एवढाच प्रश्न आहे.

ती इंग्लंडला कशी गेली, याविषयी नोव्हेंबर १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतरची लूट किंवा कंपनीला दिलेली भेट, असे दोन तर्क मांडले जातात. दोन्ही तर्कच आहेत. २०२४ मध्ये महाराष्ट्रात तीन वर्षांसाठी आलेल्या वाघनखांची स्थिती याहून बिकट. त्यांचा माग ग्रँट डफपर्यंत लागतो. त्यामागे शिवछत्रपतींपर्यंत पुरावा पोहोचत नाही, हे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयानेच स्पष्ट केले आहे.

ठाणे, कल्याण व डोंबिवली येथे भरणाऱ्या शस्त्रप्रदर्शनांतही हाच प्रश्न लहान प्रमाणात उभा राहतो. दुरुस्त करूनही चालणार नाही अशी पुरातन तोडेदार बंदूक १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ नुसार परवान्यातून सुटते; शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष अधिनियमाखाली येते व खाजगी व्यक्तीस ती परदेशी नेता येत नाही. मात्र शस्त्र कोणाचे, हे कायदा सांगत नाही. ते सांगू शकणारा जुना थर, म्हणजे गंजाचा रंग, मुठीतील लाखेचे अवशेष आणि पुसट ठसे, प्रदर्शनापूर्वी तलवार चकचकीत दिसावी म्हणून पॉलिश पेपरने घासून काढला जातो, आणि मग शेजारी ‘शिवकालीन’ अशी चिठ्ठी लावली जाते.