भुकेचा हिशेब

मंडळी, "मिनेसोटाविषयी काहीतरी लिहा" अशी यंदा संपादकांची आज्ञा झाली. थंडी, तळी आणि डास या तीन विषयांवर आपल्या स्मरणिकेत पुष्कळ लिहून झाले आहे. म्हणून आपल्याच विद्यापीठाच्या आवारात घडलेली एक गोष्ट सांगतो. आज घरोघरी प्रोटीन पावडरचे डबे दिसतात, मुले जिममध्ये जातात, आपण पोट कमी करायला दुपारचे जेवण सोडतो. कमी खायचे आणि भरपूर हिंडाफिरायचे असेल तर प्रथिने किती लागतात, हा प्रश्न मात्र आपल्या डब्यांपेक्षा बराच जुना आहे.

एकोणिसाव्या शतकात म्युनिकच्या कार्ल फॉइट यांनी कष्ट करणाऱ्या माणसाला रोज ११८ ग्रॅम प्रथिने हवीत असे ठरवून टाकले. अंगमेहनतीचे लोक जे खात होते, त्यावरून हा आकडा निघाला. म्हणजे माणसे खातात तितकी त्यांना लागतात, असे हे गणित! येल विद्यापीठाच्या रसेल चिटेंडन यांना ते पटले नाही. १९०२ च्या सुमारास त्यांनी आधी स्वतःचेच जेवण कमी केले, मग प्राध्यापक, सैनिक आणि खेळाडू विद्यार्थी अशा तीन गटांना महिनोन्महिने निम्म्या प्रथिनांवर ठेवले. लघवीतला नायट्रोजन मोजायचा, त्याला ६.२५ ने गुणायचे, की किती प्रथिने खर्च झाली ते कळते. सैनिक अशक्त झाले नाहीत, उलट व्यायामशाळेतली त्यांची ताकद वाढली. टीकाकार म्हणाले की ताकद रोजच्या व्यायामाने वाढली, आणि त्यात तथ्य होते. पण आणखी एक गोष्ट होती. सैनिकांच्या ताटातली प्रथिने निम्मी झाली, तरी एकूण अन्न बऱ्यापैकी होते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता मिनियापोलिस. १९४४ साली युरोपात आणि आशियात कोट्यवधी लोक उपाशी होते. आपल्या बंगालमधला १९४३ चा दुष्काळ नुकताच होऊन गेला होता. युद्ध संपल्यावर या लोकांना खायला काय आणि किती द्यायचे, हे कोणालाच नीट माहीत नव्हते. विद्यापीठाच्या मेमोरियल स्टेडियमच्या पोटात अॅन्सेल कीज यांची प्रयोगशाळा होती. त्यांनी युद्धात शस्त्र धरायला धर्मश्रद्धेने वा तत्त्वाने नकार दिलेल्या तरुणांना आवाहन केले. शंभराहून कितीतरी जास्त जण पुढे आले, त्यांतले छत्तीस निवडले. रस्त्यात "भेकड" म्हणून हिणवले जाणारे हे लोक. इतरांची पोटे भरावीत म्हणून स्वतःचे उपाशी ठेवायला ते आनंदाने तयार झाले.

नोव्हेंबर १९४४ मध्ये सुरुवात झाली. पहिले १२ आठवडे तीन हजारांहून अधिक कॅलरींचे भरपेट जेवण. मग १२ फेब्रुवारी १९४५ पासून २४ आठवडे दिवसाला सरासरी सुमारे १५७० कॅलरी, तेही दोन जेवणांत: बटाटे, सलगमसारखे कंद, कोबी, काळा पाव, मॅकरोनी. युरोपातल्या उपाशी माणसाचे ताट. प्रथिने जेमतेम ५० ग्रॅम. आणि आठवड्याला २२ मैल चालणे सक्तीचे, शिवाय प्रयोगशाळेतली कामे. प्रत्येकाने वजनाच्या सुमारे पाव हिस्सा गमवावा असे उद्दिष्ट होते. वजन ठरल्याप्रमाणे उतरले नाही की पावाचे तुकडे कमी, फार उतरले की जास्त. दर शुक्रवारी यादी लागे आणि मंडळी धडधडत्या छातीने ती वाचत!

सरासरी वजन ६९ किलोवरून ५३ किलोच्या आसपास आले. बसल्या जागी शरीर जे इंधन जाळते, ते सुमारे ४० टक्क्यांनी घटले. शरीरच लहान झाले म्हणून काही घट होणारच होती, पण उरलेल्या मांसपेशीही पूर्वीपेक्षा कमी जाळू लागल्या. नाडी मिनिटाला ५५ वरून ३५ वर. उन्हाळ्यातही थंडी वाजे. जिने चढवेनात. ताट चाटूनपुसून साफ करत. काहींनी पाककृतींची पुस्तके जमवली. च्युइंगगम इतके खाऊ लागले की त्यावर बंधन घालावे लागले. चेष्टामस्करी बंद झाली, मुलींविषयीचे बोलणे बंद झाले. बोलायचे ते फक्त जेवणाविषयी.

असे का होते? शरीराला आधी इंधन लागते, दुरुस्ती नंतर. चुलीत लाकूड नसेल तर घरातली खुर्ची मोडून जाळावी, तशी प्रथिने जळतात. आधी ताटातली, मग दंडा-मांडीतली. चिटेंडनच्या सैनिकांच्या चुलीत लाकूड होते, म्हणून त्यांना कमी प्रथिने पुरली.

यानंतरचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १२ आठवडे या लोकांना पुन्हा खाऊ घातले. चार गट केले आणि प्रत्येकाला वेगवेगळ्या प्रमाणात जास्त कॅलरी दिल्या. शिवाय काहींना जादा प्रथिने, काहींना जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. प्रथिनांनी आणि गोळ्यांनी म्हणण्यासारखा फरक पडला नाही. फरक पडला तो अन्नाने, भरपूर अन्नाने. कीज यांनी दिवसाला चार हजार कॅलरींची भाषा केली. पुढे बंधन उठल्यावर काही जण याहून कितीतरी जास्त खात. एकादशी आणि दुप्पट खाशी ही आपली म्हण त्यांना ठाऊक असायचे कारण नव्हते. वजन परत आले, पण आधी चरबी आली, स्नायू मागाहून. हे सारे १९५० मध्ये दोन जाडजूड खंडांत प्रसिद्ध झाले.

ते खंड मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात चाळले तेव्हा मला आठवला १९७२ चा दुष्काळ. आमच्या सोलापूर जिल्ह्यात रोजगाराच्या कामावर बायामाणसे उन्हात खडी फोडत. रेशनवर अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो मिळे आणि कामावर सुकडी वाटत. आम्ही पोरेही ओंजळ पुढे करून उभे राहत असू. गोडसर, पिठूळ, घशाला चिकटणारी. धान्य, डाळी-दाण्याचे कूट आणि गूळ. कीज यांचा निष्कर्ष जणू सरकारने ओंजळीत घातला होता: आधी कॅलरी, त्याबरोबर प्रथिने.

नेमक्या त्याच काळात एक सातारकर जगाला हेच सांगत होते. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, गाव बुध. लंडनला संख्याशास्त्र शिकले, पुढे रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी "प्रथिनांचे संकट" जाहीर केले होते. सुखात्मे म्हणाले, भारतातली कमतरता मुख्यतः प्रथिनांची नाही, पोटभर अन्नाची आहे. गरिबाने भाकरी-डाळ पोटभर खाल्ली तर प्रथिने आपोआप पुरतात. अर्धपोटी राहिला तर महागडी प्रथिनेही इंधन म्हणून जळतील. पुढे जगाने हे बरेचसे मान्य केले.

पण नंतर सुखात्मे आणि अमेरिकेतले शेल्डन मार्जेन एक पाऊल पुढे गेले. माणसाची गरज ठरीव नसते, कमी अन्नावर शरीर काही मर्यादेत जुळवून घेते, असे त्यांनी मांडले. म्हणजे कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित नव्हे. पुण्याच्याच वि. म. दांडेकरांनी यावर कडाडून टीका केली. दारिद्र्यरेषा कॅलरींवर आखलेली, तेव्हा वाद निव्वळ पुस्तकी नव्हता. गरीब कोणाला म्हणायचे, हेच त्यावर ठरणार होते. सुखात्म्यांबद्दल मला फार आदर आहे, पण या बाबतीत माझे मत दांडेकरांच्या बाजूला झुकते. मिनेसोटाच्या तरुणांनीही जुळवून घेतलेच होते की! नाडी मंदावली, हालचाल आटली, उमेद गेली. हे जुळवून घेणे फुकट होत नाही, आणि खडी फोडणाऱ्या बाईला हालचाल आटवण्याची सोयही नसते.

आजच्या जिमवाल्यांचा प्रश्न याच्या उलट्या टोकाचा आहे. अन्न मुबलक, उपास हौसेचा. २०१३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या नेटिक येथील संशोधकांनी कॅलरी ४० टक्क्यांनी कमी करून पाहिले. वजनाच्या दर किलोमागे ०.८ ग्रॅम प्रथिने घेणाऱ्यांपेक्षा १.६ ग्रॅम घेणाऱ्यांचे स्नायू जास्त टिकले, २.४ ने आणखी लाभ झाला नाही. २०१६ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात तरुणांनी तशाच तुटीत चार आठवडे जबर व्यायाम केला. त्यात २.४ ग्रॅमवाल्यांचे स्नायू किलोभराने वाढले, १.२ वाल्यांचे होते तेवढे राहिले. मिनेसोटाचे लोक नुसते चालत होते, वजने उचलत नव्हते, आणि त्यांना जादा प्रथिने मिळाली ती भूक संपल्यावर. म्हणून दोन्ही निष्कर्षांत विरोध नाही. आपल्या साबुदाण्यात मात्र प्रथिने जवळजवळ शून्य. खिचडीची इभ्रत राखतो तो दाण्याचा कूट.

ते स्टेडियम १९९२ मध्ये पाडले. त्याची कमान जागेवर उभ्या राहिलेल्या माजी विद्यार्थी केंद्रात जपली आहे. छत्तीसपैकी अठरा जणांच्या मुलाखती २००५ मध्ये प्रसिद्ध झाल्या, तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. पूर्ववत व्हायला काहींना महिने, तर काहींना वर्षे लागली होती. पुन्हा वेळ आली तर हे कराल का, असे विचारल्यावर अनेक जण हो म्हणाले.