आल्फा-बंगारोटॉक्सिन : मण्यारीच्या विषातील एका प्रथिनाची कुळकथा

नाग, मण्यार, नागराज, आफ्रिकेतील मांबा आणि समुद्रसर्प ज्या कुळात मोडतात, त्या नागकुळातील बहुतेक सापांच्या विषाने माणूस दगावतो तो मुख्यतः श्वास बंद पडल्यामुळे, हे एकोणिसाव्या शतकातच ध्यानात आले होते. १८७०च्या दशकात जोसेफ फेअरर आणि लॉडर ब्रंटन यांनी भारतीय नागाच्या विषावर प्रयोग करून त्याची तुलना क्युरारेशी, म्हणजे दक्षिण अमेरिकेतील आदिवासी आपल्या बाणांना लावत त्या वनस्पतिजन्य विषाशी केली. दोहोंमुळे स्नायू लुळे पडत जातात आणि अखेर श्वासपटलही हलेनासे होते. मात्र सर्पविष हे अनेक प्रथिनांचे मिश्रण असते, आणि त्यांपैकी कोणते प्रथिन नेमके कोठे घाव घालते याचा उलगडा होण्यास आणखी जवळजवळ नव्वद वर्षे जावी लागली.

हा उलगडा तैवानमध्ये झाला, यात योगायोगाचा भाग थोडाच आहे. तेथे जपानी अंमल असतानाच तु त्सुंग-मिंग या औषधशास्त्रज्ञाने अफूबरोबर सर्पविषाच्या अभ्यासाचीही परंपरा सुरू केली होती, आणि त्याच परंपरेत तयार झालेल्या ली चेन-युआन यांनी चांग चुआन-चिउंग यांच्यासह तैपेईत स्थानिक पट्टेरी मण्यारीचे विष हाती घेतले. स्टार्चच्या माध्यमातून विद्युतप्रवाह सोडला असता त्यातील प्रथिने आपापल्या विद्युतभारानुसार कमीअधिक वेगाने सरकतात आणि एकमेकांपासून वेगळी होतात. या पद्धतीने वेगळ्या झालेल्या अंशांना आल्फा, बीटा अशी ग्रीक अक्षरे जोडून त्यांनी १९६३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले.

मज्जातंतू स्नायूला आज्ञा देतो ती असिटिलकोलिन या रसायनाच्या द्वारे. तंतूच्या टोकातून हे रसायन सुटते, मधली सूक्ष्म फट ओलांडून स्नायूच्या पृष्ठभागावरील ग्राही प्रथिनाला चिकटते आणि मग स्नायू आकुंचन पावतो. आल्फा अंश दिल्यानंतर स्नायूवर बाहेरून असिटिलकोलिन सोडले तरी तो ढिम्म राहत असे, म्हणजे घाव ग्राहीवर होता. बीटा अंश दिलेला स्नायू मात्र अशा वेळी व्यवस्थित आकुंचन पावे, म्हणजे त्याचा बिघाड तंतूच्या टोकातच होता. एकाच थेंबातील दोन विषे एकाच फटीच्या दोन काठांवर काम करतात, हे इतक्या साध्या साधनांनी दाखवणारा हा प्रयोग औषधशास्त्राच्या इतिहासातील अतिशय देखण्या प्रयोगांपैकी एक मानायला हरकत नाही.

आल्फा-बंगारोटॉक्सिन हे ७४ अमिनो आम्लांचे, पाच डायसल्फाइड बंधांनी आवळलेले छोटे प्रथिन आहे. क्युरारे धुऊन काढता येते, हे मात्र ग्राहीला एकदा चिकटले की जवळजवळ सुटतच नाही. सावजाच्या जिवावर उठणारा हा गुणच संशोधकांच्या कामी आला, कारण त्या काळी ग्राही ही केवळ एक कल्पना होती. ते प्रथिन असावे असा तर्क होता, पण ते वेगळे करून कोणी दाखवले नव्हते. १९६६ साली ली आणि त्यांच्या सहकाऱ्याने विषाला किरणोत्सारी आयोडीन जोडून ते श्वासपटलात नेमके तंतू आणि स्नायू यांच्या सांध्यापाशीच साठते हे दाखवले. १९७० मध्ये पॅरिसमधील झाँ-पिएर शांज्यू यांनी ली यांच्याच सहकार्याने हे विष गळासारखे वापरून विद्युत ईलच्या विद्युत अवयवातून ग्राही प्रथिन ओळखले. हा अवयव मुळात रूपांतरित स्नायू असल्यामुळे त्यात या ग्राहीचा साठा विपुल असतो. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये रिकार्डो मिलेदी यांच्या गटाने टॉर्पेडो या विद्युत माशावर तसेच काम केले.

त्याचा वैद्यकाला लाभ फार लवकर झाला. मायस्थेनिया ग्रेव्हिस या विकारात पापण्या जड होतात, गिळणे अवघड जाते आणि स्नायू लवकर थकतात. १९७३ साली किरणोत्सारी आल्फा-बंगारोटॉक्सिनने मोजदाद केली असता अशा रुग्णांच्या स्नायूंत ग्राहींची संख्या फार घटलेली आढळली. त्याच वर्षी ईलचे शुद्ध ग्राही प्रथिन टोचलेले ससे लुळे पडले, कारण त्यांच्या शरीराने त्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे त्यांच्या स्वतःच्या ग्राहींवरही उलटली. विकाराचे मूळ प्रतिकारसंस्थेत आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

या प्रथिनाचे स्वतःचे कूळ पाहू जाता आणखी मागे जावे लागते. त्याच्या घट्ट गाभ्यातून तीन वेटोळी बोटांसारखी पुढे येतात, म्हणून या गटाला त्रि-अंगुली विषे म्हणतात. नागाच्या दंशस्थानी मांस सडण्यास हातभार लावणारी पेशीनाशक प्रथिने याच घडणीची आहेत, आणि असिटिलकोलिनचे विघटन करणारे विकर अडवणारे मांबाचे फॅसिक्युलिनही त्याच घडणीचे आहे. सस्तन प्राण्यांच्या मेंदूतील लिंक्स-१ हे १९९९ मध्ये वर्णिलेले प्रथिन तर याच आकाराचे असून असिटिलकोलिनच्या ग्राहींचेच नियमन करते. थोडक्यात, शरीरातल्या एका सोज्वळ घराण्याची ही एक बिघडलेली पाती आहे. या विषांना मुंगूस मात्र सहसा दाद देत नाही. ते कसलीशी मुळी खाऊन नागाच्या विषावर मात करते, हा समज महाराष्ट्रात घरोघरी आहे. प्रत्यक्षात मुंगसाच्या ग्राहीवर विष बसण्याच्या जागी शर्करेची साखळी आलेली असते आणि ती विषाला थारा देत नाही.

बीटा-बंगारोटॉक्सिनचे आप्तही असेच पाळीव म्हणावेत असे आहेत. त्याचा मोठा अर्धा स्निग्धद्रव्यांचे विघटन करणारा फॉस्फोलिपेझ असून तो स्वादुपिंडातील पाचक विकराच्या जवळच्या नात्यातला आहे, आणि लहान अर्धा प्रथिन-पाचक विकरांना आवर घालणाऱ्या प्रथिनांच्या गटातला. हा जोड मज्जातंतूच्या टोकावर बसून तेथील पटलाची नासाडी करतो. महाराष्ट्रात पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावणाऱ्या आपल्याकडील मण्यारीच्या विषातही याच जातीची प्रथिने आहेत. दंशाची जागा फारशी सुजत नाही, दुखतही नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या मिटू लागतात. हाफकिन संस्थेसारख्या ठिकाणी घोड्यांच्या रक्तापासून बनवलेले प्रतिविष रक्तात फिरणारे विष निकामी करते, मात्र तंतूची उद्ध्वस्त टोके त्याने सांधत नाहीत. नागदंशात निओस्टिग्मिन या औषधाने असिटिलकोलिन वाढवून ग्राहीवरील विषावर काही अंशी मात करता येते. मण्यारीच्या दंशात मुळात असिटिलकोलिन सुटतच नसल्यामुळे त्या औषधाचा उपयोग सहसा होत नाही, आणि नवी टोके फुटेपर्यंत रुग्णाला कित्येक दिवस कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे लागते.