रोझ बोल २००६

रोझ बोल २००६ हा अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलच्या २००५ हंगामाचा राष्ट्रीय विजेता ठरवणारा सामना होता. तो ४ जानेवारी २००६ रोजी कॅलिफोर्निया राज्यातील पॅसाडिना येथील रोझ बोल मैदानावर खेळला गेला. यात टेक्सास विद्यापीठाच्या लाँगहॉर्न्स संघाने सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या (यूएससी) ट्रोजन्स संघाचा ४१–३८ असा पराभव केला. महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोत्कृष्ट सामन्यांत त्याची गणना केली जाते.

पार्श्वभूमी

नियमित हंगाम संपल्यावर निवडक संघांमध्ये होणाऱ्या सामन्यांना 'बोल' म्हणतात. या सामन्यापूर्वी दोन्ही संघ हंगामात अपराजित होते. क्रमवारीत पहिल्या स्थानी असलेल्या यूएससीने सलग ३४, तर दुसऱ्या स्थानावरील टेक्सासने सलग १९ सामने जिंकले होते. प्रशिक्षक पीट कॅरल यांच्या यूएससी संघात मॅट लाइनार्ट (२००४) आणि रेजी बुश (२००५) हे हाइझमन करंडकाचे दोन मानकरी होते. टेक्सासचे प्रशिक्षक मॅक ब्राउन होते, तर संघाची मदार क्वार्टरबॅक व्हिन्स यंग यांच्यावर होती. २००५ च्या हाइझमन मतदानात यंग बुश यांच्यापाठोपाठ दुसरे आले होते.

सामना

मध्यंतराला टेक्सास १६–१० असा आघाडीवर होता. उत्तरार्धात यूएससीने चार टचडाऊन केले आणि ६ मिनिटे ४२ सेकंद शिल्लक असताना ३८–२६ अशी आघाडी घेतली. यंग यांनी १७ यार्ड धावून केलेल्या टचडाऊनमुळे ती पाच गुणांवर आली.

या खेळात चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे न गेल्यास चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. सुमारे दोन मिनिटे उरली असताना यूएससीला चौथ्या प्रयत्नात दोन यार्डांची गरज होती. चेंडू लांब लाथाडून देण्याऐवजी त्यांनी धाव घेण्याचे ठरवले. मात्र टेक्सासच्या बचावफळीने लेनडेल व्हाइट यांना रोखले. त्यानंतर टेक्सासने ५६ यार्डांची मजल मारली. १९ सेकंद शिल्लक असताना, चौथ्याच प्रयत्नात, यंग यांनी उजव्या बाजूने ८ यार्ड धावत निर्णायक टचडाऊन केला. पुढील दोन गुणांच्या प्रयत्नातही तेच यशस्वी ठरले. यंग यांनी सामन्यात धावून २०० आणि पासद्वारे २६७ यार्ड मिळवले.

परिणाम

टेक्सासचे १९६९ नंतरचे हे पहिले निर्विवाद राष्ट्रीय विजेतेपद होते. ज्येष्ठ समालोचक कीथ जॅक्सन यांचा हा अखेरचा सामना ठरला. बुश यांनी नियमबाह्य लाभ घेतल्याच्या निष्कर्षावरून एनसीएए या नियामक संस्थेने २०१० मध्ये यूएससीचे त्या हंगामातील सर्व विजय रद्द केले. बुश यांनी परत केलेला हाइझमन करंडक २०२४ मध्ये त्यांना पुन्हा बहाल करण्यात आला.